हुसेनबीच्या अंजिरांची जप्ती

शेर-छटाकाच्या मापांचे दिवस होते. नदीकाठच्या एका गावात हुसेनबी नावाची म्हातारी बागवानीण अंजिरं विकायची. अंजिराच्याच पानावर ठेवून, वर एक जास्तीचं घालून द्यायची. तिच्या हाकेने बाजाराला जाग यायची, असं जुनी माणसं अजून सांगतात.

त्या साली नासकी फळं विकू नयेत असा नवा सरकारी कायदा आला, आणि त्यामागोमाग सायकलवरून धारप नावाचे तपासनीस आले. घंटी ऐकताच बाजारात पळापळ झाली. कुणी टोपल्या गोणपाटाखाली सारल्या, कुणी देवळामागे नेल्या. हुसेनबी मात्र ठाण मांडून बसली.

"तीस वर्षं विकतेय. माझा माल मी का लपवू?"

धारपांनी पाचही टोपल्यांत तळापर्यंत हात घातला. तीन टोपल्यांत वरची अंजिरं टपोरी, खालची आंबून फेसाळलेली. चांगली वर, उरलीसुरली खाली, अशी बाजाराची रीतच होती. त्या तीन टोपल्या जप्त झाल्या. कुणी उचलून खाऊ नये म्हणून अंजिरांवर सगळ्यांदेखत रॉकेल ओतलं आणि ती खड्ड्यात पुरली. हुसेनबीने कडाकडा बोटं मोडली. दिवसभर तिच्याकडे एक गिऱ्हाईक फिरकलं नाही.

दिवस कलताना धारप पुन्हा आले. हातात कापडी पिशवी.

"चाची, अर्धा शेर अंजिरं द्या. आई आजारी आहे. तिला तेवढंच गोड लागतं."

हुसेनबी उसळली. "सकाळी भर बाजारात माझं नाव घालवलंत, आणि आता माझ्याचकडे?"

"बाकीच्यांनी टोपल्या लपवल्या," धारप म्हणाले. "तुमच्या या दोन मी तळापर्यंत पाहिल्यात. आईला यातलीच देईन."

हुसेनबीने तागडी उचलली. भरता भरता एक अंजीर हाताला चिकट लागलं. दिवसभराच्या उन्हाने ते आंबलं होतं. साहेबांचं लक्ष नव्हतं. तिने ते गुपचूप बाजूला टाकलं आणि दुसरं घातलं.

पुढच्या बाजारी तिने पथारीवर टोपली उपडी केली आणि हाक दिली, "आधी तळ बघा, मग घ्या!" दुपारच्या आत अंजिरं संपली.

आता तिथे पक्के गाळे आहेत, काट्यावर आकडे उमटतात. पण वर एक जास्तीचं घालणारा तो हात काही पुन्हा दिसला नाही.

तात्पर्य: जो आपला तळ पाहू देतो, त्याच्यावरच लोक विसंबतात.