दौंडला इंजिन फिरतं

"दीक्षेला काशीच कशाला हवी, बुवा? मी इथेच, या बाकावर, तयार आहे."

अंतूबुवा आगगाडीच्या खिडकीबाहेर बघत होते.

समोर रंगनाथ कुलथे ताठ बसला होता. रेल्वेतला गार्ड, नुकताच निवृत्त झालेला. घर सोडून, बायको यमुनेला सोडून, संन्यास घ्यायचा म्हणून बुवांच्या मठात खेटे घालत होता. बुवा दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "चल काशीला. तिथं बघू."

आज सकाळी दोघे पुण्याहून निघाले होते.

"सगळी नोकरी मागे बघत केली मी, बुवा. गार्ड म्हणजे शेवटच्या बोगीत. गाव मागे जातं, रूळ मागे जातात... आता ते संपलं. घरातून निघालो, वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"यमुना दारात होती?"

"असेल. म्हटलं ना, पाहिलं नाही."

बुवांनी त्याच्या मांडीकडे बोट दाखवलं. तिथे फडक्यात बांधलेला पितळी डबा होता.

"तिनेच हातात कोंबला. उघडणार नाही मी. बायकोच्या हातचं म्हणजे मोह."

"मग आणलास कशाला?"

रंगनाथने विषय बदलला. "आता दौंड. मग मनमाड, भुसावळ, इटारसी, मुगलसराय. सगळी जंक्शनं पाठ आहेत. दौंडच्या यार्डात तर डोळे मिटून फिरेन."

"मीट डोळे," बुवा म्हणाले.

बसल्या बसल्या रंगनाथला डुलकी लागली.

जाग आली ती धक्क्याने. गाडी दौंडहून नुकती हलली होती. खिडकीतून सिग्नलची केबिन सरकली, मालवाघिणींच्या रांगा सरकल्या. पण सगळं उलटं. मघाशी तो इंजिनाकडे तोंड करून बसला होता. आता त्याची पाठ पुढे चालली होती. आणि शेजारून जात होती ती पुण्याची लाइन... ती तर तो झोपेतही ओळखत होता.

"बुवा! गाडी परत निघाली. पुण्याला!"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पुढं लाइन बंद असणार," रंगनाथच म्हणाला. " मालगाडी घसरली असेल एखादी. अशा वेळी परतच नेतात. आता याला आपण काय करणार? देवाच्याच मनात नाही म्हणायचं."

तोंडाने तो चुकचुकत होता. हात मात्र फडक्याची गाठ सोडत होते.

डब्यात पोळ्या होत्या, जवसाची चटणी होती, तळलेल्या मिरच्या होत्या.

"दिवेलागणीच्या आत घरी पोचतो बघा. घ्या, बुवा. अहो बाई, तुम्हीपण घ्या, लाजू नका. आमच्या हिच्या हातची चटणी आहे. आठवडाभर जिभेवर राहील."

शेजारी एक कासारीण बांगड्यांची पेटी सांभाळत बसली होती. तिने पोळी घेतली, चटणी लावली, अर्धी खाऊन झाल्यावर विचारलं, "पर दादा, घरी कुठं पोचताय?"

"पुण्याला. गाडी परत चाललीय ना!"

"कोन म्हनलं? आवं, ह्ये दौंड हाय. हितं इंजन फिरतंय. म्होरचं काढून मागं लावत्यात. गाडी नगरलाच निघालीया." ती पदराआड हसली. "पयल्यांदाच बसलाव जनू आगगाडीत!"

सगळी बोगी हसली. गाडीने पुण्याची लाइन सोडली, उजवीकडे वळण घेतलं आणि थोड्या वेळाने भीमेचा पूल खडखडू लागला.

रंगनाथचा घास हातातच राहिला.

दौंडला इंजिन फिरलं की गार्डलाही सामान उचलून या टोकाहून त्या टोकाला जावं लागतं. ऐन उन्हात, शिव्या घालत, तो हे अंतर नोकरीभर चालला होता.

"बुवा... मला दौंड माहीत नव्हतं का?"

"पाठ होतं."

"मग असं कसं झालं?"

बुवांनी पोळीच्या शेवटच्या तुकड्याने डब्याचा तळ पुसला. "चटणी चांगली आहे."

"चटणीचं राहू द्या हो! मी स्वतःशी खोटं बोललो का? सकाळी, की आत्ता?"

...

नगर आलं. बुवा पाय मोकळे करायला उतरले. मागोमाग रंगनाथ, हातात रिकामा डबा.

फलाटाच्या एका अंगाला त्यांची गाडी. दुसऱ्या अंगाला पुण्याकडे जाणारी पॅसेंजर. दोन्हींच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. रंगनाथ मधोमध उभा राहिला. एकदा इकडे वळला, एकदा तिकडे.

"कुठली गाडी धरू, बुवा? तुम्हीच सांगा. संन्यास घे म्हणालात, तर हा डबा इथेच बाकावर ठेवतो. नको म्हणालात, तर नको. पण काहीतरी बोला."

बुवा पेरूवाल्याशी घासाघीस करत होते.

"बुवा!"

शिट्टी झाली. कोणत्या गाडीची, ते जन्मभर शिट्टी फुंकलेल्या रंगनाथला कळेना.

बुवांनी त्याच्या हातातून डबा घेतला. काठोकाठ पेरू भरले. झाकण दाबून बसवलं. फडक्याची गाठ मारली, अगदी सकाळी होती तशी. मग डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले,

"रिकामा डबा परत देऊ नये, रंगनाथ."