लिंबाजी आणि टीसीएलचं पोतं

गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सासुरवाड आहे. त्या गावात लिंबाजी नावाचा एक भोळा राहायचा. सांगितलेलं सगळं तो तंतोतंत ऐकायचा. त्याच्यात दोष असा हा एवढाच.

सरपंच तात्या खराड्यांनी त्याला पाण्याच्या टाकीवर नेमलं, कारण तेवढ्या पगारात शहाणा माणूस मिळत नव्हता. वर शब्द दिला, की काम नीट केलंस तर माझी भाची सुलभा तुला देतो. लिंबाजीचा सुलभावर फार जीव होता. तिचं नाव निघालं की त्याच्या हातातला घास हातातच राहायचा.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी त्याला काम समजावलं. टीसीएल म्हणजे जंतू मारायची पांढरी पावडर, तिच्यात क्लोरीन. क्लोरीन, आयोडीन, फ्लोरीन ही सगळी एकाच भावकीतली, आडनाव हॅलोजन. एक पाण्यात टाकायचा, एक जखमेवर लावायचा आणि मिठातही असतो, एक दातांच्या पेस्टमध्ये. लिंबाजीनं मान डोलावली आणि एकच शंका विचारली.

"यानं माणूस मरतो का हो?"

"नाही रे. फक्त जंतू मरतात. पाण्याला जरा वास आला की थांबायचं."

लिंबाजीनं टाकीत पावडर टाकली आणि वास घेतला. येईना. आणखी टाकली. तरी येईना. येणार कसा, त्याला सर्दी झाली होती. पोतं रिकामं झालं तेव्हा तो थांबला. त्या दिवशी गावात कुणाला चहा गेला नाही, आणि आंघोळ केलेली माणसं डोळे चोळत हिंडत होती. जंतूंची मात्र काही तक्रार आली नाही.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. कुठलीही गोष्ट चिमूटभर घ्यावी, असं त्यांनी बजावलं. लिंबाजीनं ते मनात पक्कं केलं.

पुढं तात्या मोटरसायकलवरून घसरले आणि त्यांचा गुडघा सोलवटला. त्यांनी लिंबाजीला आयोडीन आणायला पिटाळलं. केंद्राला कुलूप होतं. लिंबाजी हुशारीनं तात्यांच्याच स्वयंपाकघरात शिरला. मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' असं ठसठशीत लिहिलं होतं. त्यानं चिमूटभर घेतलं आणि सरपंचांच्या जखमेवर चोळलं. हे काम गावात एरवी विरोधी पार्टी करायची, पण ती नुसतं बोलून. तात्या त्यावर जे म्हणाले ते छापता येत नाही.

सिस्टरांनी त्याला तांबड्या आयोडीनची बाटली दिली. फाटलंय तिथं कापसानं हे लावायचं, मीठ नाही, असं सांगितलं.

मग ग्रामसभेला निघताना तात्यांचं खळ घातलेलं धोतर खिळ्याला अडकून फाटलं. लिंबाजी बाटली घेऊन धावला आणि फाटलेल्या जागी कापसानं आयोडीन लावलं. खळीला आयोडीन लागलं की ती निळीकाळी पडते. हे शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं, सरपंचांना भर सभेत कळलं.

सिस्टर म्हणाल्या, टीसीएलच्या पाण्यात भिजव, डाग जाईल. लिंबाजीनं भिजवलं. धोतर पांढरंशुभ्र निघालं. तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि साखरपुड्याचा दिवस धरला. लिंबाजीला जन्मात पहिल्यांदा शाबासकी मिळाली होती, तीच नडली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी सुलभाला द्यायची हिरवीगार इरकल साडी त्याच्या हातात ठेवली.

"जपून ठेव. एक डाग पडता कामा नये."

लिंबाजीनं खूप विचार केला. डाग पडल्यावर धावपळ करायची, हे निष्काळजी माणसाचं काम. त्यानं साडी आधीच टीसीएलच्या पाण्यात भिजत घातली. या वेळी चिमूटभर नाही, सुलभाच्या बाबतीत त्याला कंजूषपणा करायचा नव्हता.

मांडवात सगळे जमले. सुलभा पाटावर बसली. तिच्या आत्यानं पुडकं सोडलं आणि पांढरंफटक वस्त्र बाहेर काढलं. सनई थांबली. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे वडील चपला शोधू लागले, आणि तात्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "पोरीचा नवरा कधी गेला?"

लिंबाजी पुढं झाला. त्यानं वाकून आत्याच्या पाया पडून घेतलं.

"मी आहे की, आत्या. टीसीएलनं फक्त जंतू मरतात."