दुर्धृतीचे दोन हजार पाचशे वीस

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, हिमवंताच्या ज्या उतारावर देवदारांच्या छायेत हरिणे निर्भयपणे विसावत, तेथील सुवर्चस ऋषींचा आश्रम दुर्धृती नामक असुराने बळकावला. यज्ञवेदीला त्याने घोडे बांधले आणि त्या तपोनिधीला स्वतःच्याच पर्णकुटीबाहेर उभे केले.

हा माज ब्रह्मदेवाच्या वराने आलेला होता. अमरत्व नाकारले गेले, तेव्हा या कपटी सेनापतीने मागितले होते, "माझ्या सेनेची समान पथके करताना जोवर एक जण एकटा उरत नाही, तोवर मला आणि माझ्या वीरांना मरण नसावे." दिशा दहा, म्हणून शत्रूच्या आघाड्याही फार तर दहा आणि आघाडीगणिक एक पथक, असा त्याचा हिशेब होता. स्वतःला धरून त्याने दोन हजार पाचशे वीस वीर ब्रह्मदेवाकडून मोजून घेतले. त्यांची दोन पथके करा, सात करा, नऊ करा, दहापर्यंत कितीही करा, कोणी म्हणून उरत नसे. याहून लहान संख्येला हे साधतच नाही. देवांनी हात टेकले.

अशात वरुणाच्या बंदिवासातून सुटलेला दुर्धृतीचा धाकटा भाऊ वज्रकेतू छावणीत आला.

"दादा, मला तुझ्या ध्वजाखाली घे."

"तू आलास की प्रत्येक मांडणीत एक जण उरेल, आणि तो माझा मृत्यू ठरेल. चालता हो."

"मग एखाद्याला घरी धाड."

"हे वीर ब्रह्मदेवाने मोजलेले आहेत. त्यांतला एकही हलणार नाही."

"मीही हलणार नाही. आपण एका आईचे आहोत."

दुर्धृतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने खड्ग उपसले आणि सख्ख्या भावाला वेदीपाशीच कापून काढले. मेल्या तोंडाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

आता मात्र सुवर्चस ऋषी पुढे आले. "नराधमा, ज्या संख्येपायी तू भाऊ मारलास, तीच तुला एकटा पाडील. हे अकरा रुद्रांनो, याच्यावर चालून या."

आणि कड्याकड्यावर अकरा रुद्र प्रकटले. एकालाही वाट मोकळी ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून दुर्धृतीने गर्जून अकरा समान पथके करविली. प्रत्येकात दोनशे एकोणतीस वीर उभे राहिले, आणि मधल्या मोकळ्या जागेत तो स्वतः उरला. आयुष्यात प्रथमच त्याने अकराने हिशेब केला आणि त्याला उमगले, की वज्रकेतू असता तर आपण दोघे उरलो असतो. पुढच्याच क्षणी अकरा त्रिशूळ त्याच्या छातीत रुतले.

ती संख्या मात्र आजही तशीच आहे. एकापासून दहापर्यंत ती सर्वांना सारखी वाटली जाते, आणि अकरांपुढे एकाला उघड्यावर टाकते. त्या एकाची कोणाला दया येत नाही.