सात वेढे

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याला राजधानीतल्या विख्यात विद्यापीठातून बोलावणे आले. त्या दारात भलेभले वर्षानुवर्षे ताटकळत, आणि तिथून शिकून आलेल्याला पुढे कोणी काही विचारीत नसे. नुसते नाव पुरे होई. पण जायचे तर पाच वर्षे गुरूंना सोडावे लागणार होते, आणि त्यांची दृष्टी आता मंदावली होती. न जावे, तर जन्मभर खेड्यात मुळ्या उगाळीत बसावे लागेल, अशी धास्ती. शिष्याचा जीव कासावीस झाला. शेवटी त्याने विचारले, "गुरुजी, तिथे जाण्याचे सार्थक होईल का?"

वैद्य स्वतः तरुणपणी तिथेच शिकले होते, तरी ते काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून रेशमी फडक्यात गुंडाळलेली सहाण काढली. ती विद्यापीठातली होती. आज हिच्यावरच उगाळ, एवढेच त्यांनी सांगितले.

इतक्यात एक बाई पोटदुखीने कळवळणारे तान्हे मूल घेऊन आली. शिष्याने मोठ्या रुबाबात त्या सहाणेवर मुरुडशेंग उगाळून नेहमीप्रमाणे सात वेढे दिले आणि वाटी पुढे केली. वैद्यांनी वाटीत बोट बुडवले आणि सारे औषध अंगणात ओतून टाकले. बाईसमोर शिष्याचा चेहरा पार उतरला.

"वेढे सातच होते, गुरुजी."

"सातच होते. पण ही सहाण खरखरीत आहे. आपल्या सहाणेच्या तीन वेढ्यांचे औषध हिच्या एका वेढ्यात उतरते. तो गुण तिच्यात आहे, म्हणून तर मी ती जपली. तू मात्र दगडाकडेच पाहत राहिलास. वाटीत किती उतरले आणि मूल केवढे, हे पाहिलेच नाहीस. विद्यापीठातही थोड्या काळात पुष्कळ मिळते. ही नजर मात्र आपली आपण न्यावी लागते. औषध कोणत्या सहाणेवर उगाळले हे बाळाला कळत नाही. पोट दुखायचे थांबले की नाही, एवढेच त्याला कळते."

शिष्याने सहाण धुतली. दोन वेढे देऊन वाटी उजेडात धरली, मुलाकडे पाहिले, आणि आणखी थोडे उगाळले. काही वेळाने मूल आईच्या खांद्यावर झोपी गेले.

"आता जा," वैद्य म्हणाले. "तू राहावेस असे मला फार वाटते. म्हणूनच मघाशी उत्तर दिले नाही."

पाच वर्षांनी शिष्य परतला, तेव्हा वैद्यांची दृष्टी पुरती गेली होती. विद्यापीठाचे त्यांनी काहीच विचारले नाही. दारात एक लेकुरवाळी आली होती. शिष्याने उगाळलेल्या औषधात त्यांनी बोट बुडवून पाहिले, आणि वाटी तिच्या हाती दिली.