मुंगीसारखं उचला!

मुलांनो, चूक म्हाताऱ्या हत्तीची होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी त्याची कीव करत बसणार नाही. सागाच्या एका जंगलात तो कळपाचा म्होरक्या होता आणि रोज सकाळी सगळ्या पिल्लांना वारुळापुढे उभं करून एकच प्रवचन झोडत असे : "बघा ही मुंगी! स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते. आणि तुम्ही ऐतखाऊ ओंडके फरफटत नेता! यापुढे ओढायचं नाही, उचलायचं."

पिल्लं माना डोलवत. एका छोट्या हत्तिणीला मात्र राहवेना. तिने मुंगीलाच गाठलं. "मुंगीताई, एवढ्याशा पायांवर तुला जमतं कसं गं?"

"मला काय विचारतेस, मला घाई आहे," मुंगी म्हणाली. "आणि त्या आजोबांना सांग, इथे पाय आपटू नका. घर हलतं माझं."

मग छोटीने स्वतःच करून पाहिलं. चिखलाचा एक गोळा, खाली गवताच्या चार काड्या. झाला हत्ती, उभाही राहिला. मग तिने सगळंच दुप्पट केलं : लांबी, रुंदी, उंची. गोळ्याला आठपट चिखल लागला. पाय दुप्पट जाड करायला मात्र एका काडीच्या जागी चारच काड्या पुरल्या. हत्ती लचकला. आणखी दुप्पट केला, तर पायच मोडले.

"अय्या! वजन आठपट, पाय चौपट!" ती नाचायलाच लागली. "मोठ्याचा जोर स्वतःलाच पेलण्यात संपतो!"

उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर एक भलामोठा साग आडवा पडला. कळप तहानेने कासावीस. म्होरक्याने छोटीला फर्मावलं, "चल, घे पाठीवर."

"आजोबा, पाय मोडेल. सगळे मिळून ओढूया ना. हे बघा, मी..."

त्याने तिचा चिखलाचा हत्ती पायाखाली चिरडला. "सोंड धड वळत नाही अजून, आणि मला शिकवतेस? हो बाजूला, मी दाखवतो."

तो सागाखाली शिरला, जोर लावून उठला. काडकन आवाज झाला. साग शाबूत होता.

मग कळपाने साग ओढून बाजूला केला आणि सगळे पाणी प्यायला गेले.

तात्पर्य : कुणी मोठ्याने तुम्हाला मुंगीचा दाखला दिला, तर मुंगी केवढी आणि आपण केवढे, हे आधी स्वतः करून बघा. म्होरक्याने बघितलं नाही. त्याचा पुढचा उजवा पाय कायमचा गेला.