आभाळातली विहीर

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट लहानांसाठी आहे, आणि लहान मुलं कुठं वेलांट्या मोजत बसतात?

तर टेंभुरखेड्याला जनबा नावाचा एक शिंपी राहायचा. अंगणवाडीला लागून त्याचं घर आणि घराच्या ओसरीवर त्याचं मशीन. हात असा साफ, की शिवलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं हे बोट फिरवूनही कळू नये. खोड मात्र एक होती. त्याला भोक म्हणून खपत नसे. कुणाच्या सदऱ्याला भोक दिसलं, की बोलता बोलता त्याची सुई चालू व्हायची. भिंतीतलं उंदराचं बीळ त्यानं बुजवलं. अंगणवाडी आणि त्याचं अंगण यांच्यामधल्या कुंपणाला एक फट होती. मुलं तिच्यातून रांगत येत आणि ओसरीवरच्या चिंध्या वेचून बाहुल्या करत. तीही त्यानं बाभळीच्या काट्या खोचून बंद करून टाकली. "उघडं राहिलं की वाढतं," असं तो म्हणे.

त्याची नात ठकी त्याच अंगणवाडीत होती. तिथल्या मुलांना तालुक्याहून हवाई छत्रीचं एक कापड खेळायला मिळालं होतं. गोल, रंगीबेरंगी आणि खळ्याएवढं मोठं. सगळ्यांनी मिळून कड धरायची आणि एकदम हात वर करायचे, की ते फुगून डोक्यावर उभं राहायचं. मुलं त्याला 'आभाळ' म्हणत. कधी आभाळाखालून पळत एकमेकांच्या जागा घेत, तर कधी त्यावर चेंडू टाकून लाटा करत.

"आबा, आज मी आभाळ उचललं!" ठकी घरी येऊन सांगायची.

"जड होतं का गं?"

"नाय. सगळ्यांनी धरलं की हलकं होतं."

ती पुढंही बरंच काही सांगत राहायची. पण तोवर जनबाचा पाय मशीनवर पडलेला असायचा, आणि त्या खडखडाटात पोरीचं बोलणं विरून जायचं.

एके दिवशी दुपारी अंगणवाडीच्या रंजनाताई ते आभाळ काखेत मारून आल्या. "काका, उद्या बालमेळावा आहे. तालुक्याच्या बाई बघायला येणार आहेत. कड थोडी उसवलीय, तेवढी शिवून द्या. मला अजून पताका लावायच्यात." एवढं बोलून त्या घाईनं गेल्या.

जनबानं कड शिवली. मग आभाळ अंगणात पसरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बरोबर मधोमध भाकरीएवढं भोक! भोकाच्या कडेनं टीप होती, पण जनबाला वाटलं, कुणा आळशानं ठिगळ लावायचं सोडून नुसती कड मुडपलीय. 'पोरांचं आभाळ आणि त्याला असं भगदाड! ताईंना सांगायची लाज वाटली असेल.'

ठकीच्या परकरासाठी त्यानं एक खण जपून ठेवला होता. तो काढला. परकर चार बोटं आखूड होईल. होऊ दे. त्यातून एक गोल तुकडा कापला, भोकावर बसवला आणि दुहेरी टीप मारली. आयुष्यात इतकं सुबक ठिगळ त्यानं कधी लावलं नव्हतं. कुणाला सांगितलं मात्र नाही. उद्या पोरांना कळेलच, म्हणून मनाशीच हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीपुढं मेळावा भरला. आया ओळीनं बसल्या. तालुक्याच्या बाई खुर्चीवर बसल्या. मुलांनी आभाळाची कड धरली. मधला खण उन्हात झळकला आणि आयांमध्ये कुजबुज झाली, "कुणी गं शिवलं? किती नामी!" जनबा मागं उभा होता. त्याची छाती फुगली.

"एक, दोन, वर!" ताई म्हणाल्या.

आभाळ वर गेलं, पण उभं राहीना. आत वारा भरला आणि त्याला बाहेर जायला वाट सापडेना. दावं तोडू पाहणाऱ्या खोंडासारखं ते एका अंगाला ओढ घेऊ लागलं. इवल्या मुठींतून कड सुटली. काही मुलं कोपरावर पडली, काहींवर आभाळच येऊन पडलं, आणि आतून रडण्याचा एकच गलका उठला.

ताईंनी मुलांना बाहेर काढलं, धूळ झटकली आणि पुन्हा खेळ मांडला. पुन्हा तेच.

"चेंडूचा खेळ घ्या," बाई म्हणाल्या.

ताईंनी चेंडू टाकला. मुलांनी लाटा केल्या. चेंडू मधोमध गेला आणि खणावर थपकन बसून राहिला. ठकीनं मान उंच करून पाहिलं, आणि तिनं भोकाडच पसरलं. "आमची विहीर कुठंय? आभाळातली विहीर कुणी बुजवली?"

बाई उठल्या. "ताई, तीन महिने कापड तुमच्याकडे आहे आणि तुम्हांला अजून खेळ घेता येत नाही? मुलांना लागलं म्हणजे? हे कापड मी आजच घेऊन जाते. दुसऱ्या गावाला देऊ."

रंजनाताईंनी एकदा त्या खणाकडं पाहिलं. गावात असा टाका घालणारा हात एकच होता. पण त्या जनबाकडं वळल्याही नाहीत. "माझीच चूक झाली, बाई," एवढंच म्हणाल्या. "आधी बघून घ्यायला हवं होतं."

आपल्या ठिगळानंच खेळ मोडला, हे जनबाला कळलं. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. आता कुठं आयांनी त्याचा टाका वाखाणला होता. पण समोर ठकी हुंदके देत होती, आणि ताई दुसऱ्याच्या चुकीची बोलणी मान खाली घालून ऐकत होत्या.

तो पुढं आला. "बाई, ताईंना काही बोलू नका. चूक माझ्या सुईची आहे. त्यांनी कड शिवायला सांगितली, आणि मी न विचारता भोक बुजवलं. मला वाटलं, फाटलंय."

"अहो, आभाळाला ठिगळ लावणारे तुम्ही पहिलेच!" एक आजीबाई म्हणाल्या. सगळे हसले. जनबाचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. मातीत मांडी घालून बसला, खिशातली कात्री काढली आणि आपलीच दुहेरी टीप आपल्या हातानं टाका टाका उसवू लागला.

"काका, त्या भोकातून वारा जातो," ताई शेजारी बसून हळूच म्हणाल्या. "म्हणून आभाळ सरळ उभं राहतं आणि हळूच खाली येतं. मीच सांगायला हवं होतं."

"सांगणारी घरातच होती, ताई," जनबा म्हणाला. "माझंच मशीन चालू असायचं."

ठिगळ निघालं. ठकीनं ते उचलून टोपीसारखं डोक्यावर घेतलं आणि पळत जाऊन कड धरली.

"एक, दोन, वर!"

आभाळ सरळ वर गेलं, क्षणभर डोक्यावर थांबलं आणि पिसासारखं खाली आलं. मग चेंडू आला. लाटांवर उड्या मारत तो मध्ये गेला आणि गडप झाला. "पडला! विहिरीत पडला!" मुलं नाचू लागली. तालुक्याच्या बाईही खुर्ची सोडून कड धरायला आल्या. कापड नेण्याचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनबानं मशीनवरचं फडकं काढलं नाही. आधी तो कुंपणाजवळ गेला. खोचलेल्या बाभळीच्या काट्या एकेक करून उपसल्या. कुठं टोक राहिलं नाही ना, हे फटीच्या कडेवरून तळहात फिरवून पाहिलं. मग ओसरीवर चिंध्यांची टोपली उघडून ठेवली आणि ठकीला म्हणाला, "बस इथं. इतके दिवस मशीनच्या आवाजात राहिलं असेल ते सगळं पहिल्यापासून सांग."

तात्पर्य: कुणासाठी मायेनं काही करायचं असलं, तरी आधी त्याला विचारावं, आणि चुकलंच, तर आपला टाका आपल्याच हातानं उसवायला लाजू नये.