असामी दोन

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्द माझे साधेच आहेत.

फार पूर्वी घाट उतरायला परवाना लागे. सुया विकत फिरणाऱ्या सटवाच्या परवान्यावर लिहिलं होतं, 'सटवा व बायको तुळसा, असामी दोन.' तुळसा वाटेतच तापाने गेली. घाटाखाली एकुलती लेक वाट पाहत होती.

चौकीदार खेकसला, "दुसरी कुठाय रे?"

"मागनं येतीया, मालक."

"मग ती येईस्तोवर बस तिकडं!"

परवाना कळवळून म्हणाला, "खरं सांग, बाबा. तिचं नाव खोडतील, पण तुला लेक भेटेल."

"गप रं," सटवा पुटपुटला. "तिचं नाव आता तुझ्यावरच हाय, दुसरीकडं कुठंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने परवाना घडी करून उराशी ठेवला आणि तो आल्या वाटेने परत निघाला.